सही कुणाची?



पाण्याचा भ्रष्टाचार म्हटलं की डोळ्यांपुढे पाकीट येतं. चावीवाल्याचा हात ओला केला, नळ अर्धा तास जास्त चालला. प्लंबरनं साहेबाच्या नावावर पैसे खाल्ले, जोडणी आलीच नाही. हे आहेच. पण मी म्हणतो, ही चिल्लर झाली. मोठी चोरी कागद आणि नळ यांच्या मधल्या रानात होते. तिथं ठरावाचा मुडदा पडतो आणि खुनी कधी सापडत नाही.

आपल्या लढ्याची सुरुवातच या रानातून झाली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, हा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली पास झाला. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. ठरावाची अंमलबजावणी कोण करणार, हे कुणाच्याच नावावर नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा त्या कागदाला पहिल्यांदा ओल लागली. मग आपल्या माणसांची डोकी फुटली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. चौदा वर्षं! त्या चौदा वर्षांचा जाब कुणाला विचारला गेला?

तळं गेलं, नळ आला. रान तेच. १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचं नाही, असं सरकारनं १९९६ ला परिपत्रक काढलं. पाणी हक्क समिती कोर्टात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा म्हणून माणसाला तहानलेलं ठेवता येत नाही. मधे अटींनी भरलेलं एक धोरण आलं. सर्वांना पाणी द्यायचं धोरण महापालिकेनं आणलं ते २०२२ मध्ये. त्या आठ वर्षांत वस्ती पाण्यावाचून होती का? छ्या! प्यायली. पण टँकरच्या नि गॅलनच्या भावानं प्यायली. टॉवरमधला माणूस पाण्याला देतो त्याच्या कितीतरी पट भावानं. हा जो फरक आहे ना, तो कुणाच्या तरी खिशात गेलाय. आणि हा खिसा ज्यांनी राखला त्यांच्या सह्या फायलीत आहेत.

आता खाली उतरू. गटारात. तिथं आपण पिढ्यान् पिढ्या उतरतोच आहोत.

कायदा १९९३ ला झाला, पुन्हा २०१३ ला झाला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवला तर उतरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं मेलेल्याच्या घरी दहा लाख द्या म्हटलं, २०२३ ला तीस लाख केले. मरणाचा भाव वाढला. मरण थांबलं का? सरकारनंच २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंची तपासणी करवली. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर एकही साधन नव्हतं. ३८ जण कुणाच्याच हजेरीवर नव्हते. एकेकट्याला कामावर बोलावलेलं. हेच तर कसब आहे व्यवस्थेचं. महापालिकेचा ठेका, ठेकेदाराचा उपठेका, उपठेकेदाराचा मुकादम, मुकादमानं नाक्यावरून उचललेला पोरगा. माणूस मेला की शिडीची एकेक पायरी काढून घेतात. वर कुणी उरतच नाही. खाली प्रेत, आणि पोलिसांच्या कागदात ‘अपघाती मृत्यू’.

पार्लमेंटात तर शब्दांचीच सफाई करतात. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत लेखी उत्तर आलं, हातानं मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात मेलेले वेगळ्या खात्यात मोजायचे, म्हणून पहिल्या खात्यात शून्य. हे उत्तर देणारे सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले. पँथरच्या चळवळीतूनच पुढे आलेले. राग येतो? यायलाच पायजे. पण सगळा राग दिल्लीला पार्सल करू नका, थोडा गल्लीसाठी ठेवा.

आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासाचा ठेका कुणाकडं, हे मी विचारत फिरलो. मुकादम म्हणाला, वॉर्डात विचार. वॉर्डात म्हणाले, संस्थेला विचार. संस्थेचा पत्ता शोधला तर तिथं पानाची टपरी. पण संडासाच्या दारात बाबासाहेबांचा फोटो, भिंतीला निळा रंग, आणि आपल्याच आयाबहिणींकडून एकेका खेपेचे पैसे घ्यायला बसलेला आपलाच पोरगा. आत पाणी नाही, कडी नाही, दिवा नाही. ठेका आपल्या माणसाला मिळाला म्हणून आपण गप्प बसायचं? मी नाही बसणार. निळ्या रंगाखाली केलेली चोरी मला दुप्पट चोरी वाटते. आणि तो पोरगाही पगारी गडी. खरा मालक वेगळाच.

मग करायचं काय? मोर्चा काढूच. पण मोर्च्याआधी कागद काढा. २००५ चा माहिती अधिकार आपल्या हातात आहे. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. आपल्या गल्लीतल्या पाइपलाइनचं टेंडर मागा. ठेकेदाराचं बिल मागा, मोजमाप पुस्तक मागा. गटारात उतरणाऱ्यांची हजेरी आणि साधनांच्या खरेदीची पावती मागा. वापरलेल्या मालाचा नमुनासुद्धा मागता येतो या कायद्यात. सिमेंट की नुसती रेती, कळू दे एकदाचं. मिळालेला कागद घरात ठेवू नका. विहारात मोठ्यानं वाचा, नाक्याच्या फळ्यावर डकवा. ज्यांना वाचता येत नाही त्या म्हाताऱ्यांना आधी ऐकवा. नळ किती वाजता येतो हे त्यांना फायलीपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आणि प्रत्येक कागदाच्या तळाला बघा. तिथं एक सही असते. गिचमिड असते, मुद्दाम. ती वाचून घ्या. त्या सहीमागचं नाव, हुद्दा, खुर्ची शोधा आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहा. मेलेल्याचा अंगठा आजवर प्रत्येक फायलीत सापडलाय. आता मारणाऱ्याची सही सापडली पायजे.

जय भीम.