लस बाळाला, आणि आईला?

शहरांत आता आई-बाळ व्यायामवर्ग निघू लागले आहेत. दोन महिन्यांच्या बाळाला सतरंजीवर निजवून सात-आठ जणी त्याच्या शेजारी गुडघे दुमडून पडतात, श्वास सोडत कंबर उचलतात. मध्येच एखादे बाळ रडते, आई उठून त्याला पाजते आणि पुन्हा आडवी होते. घरातल्या ज्येष्ठांना हे नवे खूळ वाटते. ‘आमची चार-चार बाळंतपणे झाली, आम्ही कुठे क्लासला गेलो होतो?’ असा त्यांचा सवाल असतो.

सवाल रास्त आहे, पण त्याचे उत्तर बऱ्याचदा सवाल करणारीच्या खोकल्यात सापडते. खोकला आला, मोठ्याने हसू आले, पाण्याची बादली उचलली की लघवीचे थेंब गळतात, म्हणून एसटीचा लांबचा प्रवास टाळणाऱ्या पन्नाशीच्या बाया प्रत्येक गावात आणि प्रत्येक सोसायटीत आहेत. कुणाला अंग बाहेर येण्याचा त्रास असतो. नवऱ्याला, मुलीला, डॉक्टरला यातले काहीही सांगितलेले नसते. बाईच्या जातीला हे असायचेच, अशी समजूत करून घेतलेली असते. हा त्रास पन्नाशीत दिसतो, पण त्याचे मूळ अनेकदा पंचविशीतल्या बाळंतपणात असते.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिन्हींचा भार तिच्यावर. नऊ महिने ती वाढते वजन पेलते आणि प्रसूतीच्या वेळी अनेक पटींनी ताणली जाते. पोटाचे मधले दोन उभे स्नायूही बाजूला सरकून त्यांच्यात फट पडते. बहुतेकींमध्ये निसर्ग हे हळूहळू सावरतो, पण सगळ्यांमध्ये पूर्ण सावरत नाही. सिझेरियन झाले म्हणून झोळी शाबूत राहिली, असेही नाही. नऊ महिन्यांचे ओझे तिनेही वाहिलेलेच असते आणि वर पोटावर टाके पडलेले असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. म्हणजे चार बाळंतिणींतली एक पोटाची मोठी शस्त्रक्रिया होऊन घरी जाते. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला फिजिओथेरपीविना घरी धाडले तर नातेवाईक जाब विचारतील. बाळंतिणीच्या बाबतीत कुणी विचारत नाही.

आपल्याकडच्या सव्वा महिन्याच्या रिवाजाला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. घरकामातून सुटका, माहेरची माणसे, अंगाला तेल, अळीव आणि डिंकाचे लाडू, यात शहाणपण आहे. गफलत होते ती विश्रांती म्हणजे खाटेवर पडून राहणे, असा अर्थ लावल्याने. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, सिझेरियननंतर अधिकच. अशा वेळी पाणी कमी द्यायचे, कान बांधून शेगडीजवळ निजवून ठेवायचे, हे त्या धोक्याला आमंत्रण आहे. पोटपट्ट्याचेही तसेच. सिझेरियननंतर उठताना थोडा आधार म्हणून तो बरा वाटतो. पण पोट आत जावे म्हणून लुगड्याने करकचून बांधले तर दाब खाली त्या झोळीवरच येतो. पट्ट्याने स्नायू बळकट होत नाहीत. ते वापरल्यानेच होतात. आणि मालिश करणाऱ्या मावशींनी ताज्या टाक्यांचे पोट मुळीच दाबू नये.

मग करायचे काय? सुरुवात अगदी साधी आहे. साधी प्रसूती असेल तर त्याच दिवशी आणि सिझेरियन असेल तर साधारण चोवीस तासांच्या आत आधार घेऊन चार पावले चालणे, पडल्या पडल्या घोटे वर-खाली हलवणे, पोट फुगवून सावकाश श्वास घेणे. सिझेरियन झालेलीने खाटेवरून सरळ उठू नये. कुशीवर वळावे आणि हाताचा रेटा देऊन उठावे. लघवीची नळी निघाली आणि दुखणे सोसण्याइतके झाले की तळाच्या स्नायूंचा व्यायाम. लघवी आणि वारा रोखून धरताना जे स्नायू आत ओढले जातात, तेच आवळायचे, पाच-सहा आकडे मोजेपर्यंत धरायचे आणि पूर्ण सैल सोडायचे. श्वास रोखायचा नाही, मांड्या-कुल्हे आवळायचे नाहीत. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करण्याची सवय लावू नये, मूत्राशय नीट रिकामे होत नाही. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला, म्हणून त्यांचे नाव त्याला चिकटले. त्याला उपकरण लागत नाही, बाळाला पाजतानाही तो होतो.

पोटाचे जोराचे व्यायाम, उड्या, धावणे मात्र घाईने नको. सहा आठवड्यांच्या तपासणीआधी नाहीच. धावायला तर तीन महिने थांबलेले बरे. एका महिन्यात पोट सपाट करून दाखवणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर पाहून घरात उठाबशा काढणाऱ्या मुली पुढे कंबरदुखी घेऊन दवाखान्यात येतात. पोटात फट असताना त्या उठाबशा फायद्यापेक्षा तोटाच करतात. व्यायामाने दूध आटते, ही भीतीही निराधार आहे. आधी पाजून घ्यावे, म्हणजे स्तन जड लागत नाहीत, इतकेच.

या व्यायामाबद्दल अवाजवी दावे करण्याचेही कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, कोणताही त्रास नसलेल्या बाईला केवळ प्रतिबंध म्हणून बाळंतपणानंतर तळाच्या स्नायूंचे व्यायाम सरसकट सुरू करावेत, अशी शिफारस नाही. ज्यांना गळतीचा त्रास आहे त्यांना मात्र ते शिकवण्यात फायदा आहे, आणि गरोदरपणातच सुरुवात केली तर प्रतिबंधालाही मदत होते. म्हणजे मुळात तो प्रश्न विचारला गेला पाहिजे: ‘लघवी गळते का?’ आपल्या बाह्यरुग्ण विभागांत तोच विचारला जात नाही. एकंदर हालचालीबाबत मात्र संघटना ठाम आहे. अडचण नसलेल्या प्रत्येक बाळंतिणीने आठवड्याला १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम गाठावा, हळूहळू का होईना.

वर्गाचा दुसरा फायदा स्नायूंपलीकडचा आहे. मेलबर्नमधील फिजिओथेरपिस्टांनी २०१० मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाने बाळांसह आठ आठवडे व्यायाम आणि माहितीचा वर्ग केला, दुसऱ्याला फक्त छापील माहिती मिळाली. वर्गात आलेल्या स्त्रियांची मनःस्थिती अधिक सुधारली आणि नैराश्याची लक्षणेही अधिक कमी झाली. रात्रभर जागलेल्या बाईला आपल्यासारखीच दुसरी जागलेली बाई भेटणे हेही औषध आहे. पूर्वी ते वाड्यात मिळे. आता दाराला कडी लावलेल्या दोन खोल्यांत सव्वीस आठवड्यांची रजा एकटीने काढावी लागते. रडू दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, तर मात्र वर्गावर न थांबता डॉक्टरांना गाठावे. रक्तस्राव वाढणे, ताप, एका पोटरीला सूज येऊन दुखणे, धाप लागणे, तीव्र डोकेदुखी ही लक्षणेही त्याच रांगेतली. बाळाला काय मिळते? जागे असताना आईसमोर पालथे पडण्याची सवय. दिवसभरात थोडे थोडे करून अर्धा तास पुरे. मान आणि खांदे त्यातूनच घट्ट होतात. झोपवताना मात्र उताणेच.

आता अडचणीची बाजू. ज्या बाईला बाळंतपणानंतर महिन्याभरात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे आहे, विहिरीवरून दोन हंडे आणायचे आहेत, तिला व्यायाम सांगणे ही थट्टाच. तिला हवी आहे ओझ्यापासून सुटी, आणि तिची झोळी सर्वांत आधी फाटते. खासगी वर्गांची फी तिच्यासाठी नाही. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या फिजिओथेरपीचा खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो. इथे तेवढे उद्या होणार नाही, पण एक गोष्ट आजही हाताशी आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींना आई बाळाला घेऊन येतेच. लस टोचल्यावर अर्धा तास तिला केंद्रात थांबवलेही जाते. बहुधा बाकावर, काही न करता. तिच्या हातातल्या कार्डावर बाळाचे वजन लिहिले जाते, तिच्याविषयी एक ओळही नाही.

त्या अर्ध्या तासाला एक सतरंजी आणि पडद्याचा आडोसा पुरतो. जिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टने परिचारिका आणि आशाताईंना एकदा नीट शिकवले, तर तीन लसींचे तीन धडे होतील: पहिल्या खेपेला श्वास आणि तळाचे स्नायू, दुसऱ्याला पोटाची फट तपासून हलके व्यायाम, तिसऱ्याला ओझे कसे उचलावे. सोबत आलेल्या सासूबाईंनाही आत बसवावे. गळतीचा प्रश्न त्यांनाही विचारता येईल, आणि तळाच्या स्नायूंचा व्यायाम पन्नाशीतही उपयोगी पडतो.