खडकावर चढणारी गाडी आणि तिची बॅटरी

दूरनियंत्रित खेळण्यातली मोटार म्हटली की ती भरधाव धावणारी असावयाची, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ‘रॉक क्रॉलर’ ह्या नावाने ओळखली जाणारी गाडी मात्र धावण्यासाठी नव्हे, तर चढण्यासाठी घडविलेली असते. चारही चाकांना मोटरचे बळ मिळालेली, मऊ रबरी टायरांची ही गाडी एकेक दगड चाचपीत पुढे सरकते. ज्या घरात ती आली असेल, तेथे पुढील प्रसंग बहुधा घडून गेला असेल. अर्ध्या चढावर गाडीची पुढली चाके उचलली जातात आणि ती उताणी पडते. चिरंजीव म्हणतात, बॅटरीत दम नाही, मोठी आणू या. मोठी, म्हणजेच जड बॅटरी येते, जुन्याच उंच जागी बसते, आणि गाडी पूर्वीपेक्षाही लवकर उलटते.

दोष शक्तीचा नसून तोलाचा आहे. गाडीच्या गुरुत्वमध्यातून गवंड्याचा ओळंबा सोडला आहे अशी कल्पना करा. जोवर त्याची दोरी पुढल्या व मागल्या चाकांच्या टेकणीमध्ये पडते, तोवर गाडी स्थिर राहते. चढ वाढत गेला की दोरी मागे सरकते, आणि मागल्या चाकाची टेकणी ओलांडताच गाडी उलटते.

थोडा हिशेब करू. समजा, बॅटरीसह गाडीचे वजन २,४०० ग्रॅम असून पुढल्या व मागल्या आसांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर आहे. गुरुत्वमध्य बरोबर मधोमध, जमिनीपासून १० सेंटिमीटर उंचीवर आहे. अशी गाडी ५६ अंशांच्या चढावर उलटेल. आता मध्यभागी उंचावर ठेवलेली २०० ग्रॅमची बॅटरी काढून १५ सेंटिमीटर पुढे, आसाच्या वर, आणि ४८ मिलिमीटर खाली बसवा. बॅटरी ही एकूण वजनाचा बारावा हिस्सा असल्यामुळे गुरुत्वमध्य साडेबारा मिलिमीटर पुढे आणि ४ मिलिमीटर खाली येतो. एवढ्यानेच उलटण्याचा कोन ५९ अंशांच्या पुढे जातो. एक पैसाही खर्च न करता मिळालेले हे तीन अंश माथा गाठण्यास पुष्कळदा पुरेसे होतात. उतारावर मात्र ५६ चे ५५ अंश होतात. बॅटरी खाली आली म्हणून ही हानी एवढ्यावरच थांबली. म्हणूनच बॅटरी केवळ पुढे नव्हे, तर पुढे आणि खाली असावी.

ह्याचा पडताळा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर घेता येतो. पुढली चाके काट्यावर ठेवा व मागली चाके तेवढ्याच उंचीच्या पुस्तकावर. वरील उदाहरणात पुढला भार १,२०० ग्रॅमवरून १,३०० ग्रॅम होईल. एकूण वजनाच्या ५५ ते ६० टक्के भार पुढे असणे चढाईस सोयीचे असते.

आता निवडीविषयी. निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या सहा घटांच्या ७.२ व्होल्ट, ३,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे २१.६ वॉट-तास ऊर्जा मावते, आणि तिचे वजन बहुधा ३५० ग्रॅमच्या पुढे असते. लिथियम-पॉलिमर जातीची तीन घटांची ११.१ व्होल्ट, २,२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २४.४ वॉट-तास ऊर्जा देते, आणि तिचे वजन जवळजवळ निम्मे असते. मात्र ती घेण्यापूर्वी गाडीच्या स्पीड कंट्रोलरला तीन घट चालतात की नाही, हे माहितीपत्रकात पाहावे. मुलांच्या हाती दोन घटांची ७.४ व्होल्टची बॅटरीही पुरेशी होते. वेष्टनावरील ‘सी’ ह्या आकड्याला भुलू नये. २.२ अँपिअर-तासांच्या ‘३० सी’ बॅटरीतून, निदान लेबलानुसार, ६६ अँपिअर प्रवाह मिळू शकतो, आणि सावकाश चढणाऱ्या गाडीस त्याचा लहानसा अंशच लागतो.

बसविताना प्रथम पुढला आस हाताने पुरता वर दाबून पाहा, चाके दोन्ही बाजूंस वळवून पाहा. आस अथवा वळणाचे दांडे बॅटरीस कोठेही लागता कामा नयेत. बॅटरीखाली फोमचा पातळ थर द्यावा, धातूची धारदार कड झाकावी, आणि वेल्क्रोचा रुंद पट्टा बॅटरी हलणार नाही इतपतच आवळावा. तारा फिरत्या दांड्यापासून दूर बांधाव्यात. बॅटरी सहज काढता येईल अशीच बसवावी, कारण ती गाडीबाहेर काढूनच चार्ज करावयाची असते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लिथियम-पॉलिमर बॅटरी म्हणजे खेळण्यातला निरुपद्रवी सेल नव्हे. दुखावलेली किंवा चुकीने चार्ज केलेली बॅटरी पेट घेऊ शकते. प्रत्येक घट ४.२ व्होल्टपर्यंतच भरावा आणि ३ व्होल्टच्या खाली कधीही उतरू देऊ नये. त्यासाठी स्पीड कंट्रोलर लिथियमच्या योजनेवर लावलेला आहे ना, हे पाहावे. सर्व घट सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच वापरावा. २,२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीस २.२ अँपिअर प्रवाह पुरे. चार्जिंग फरशीवर, पडदे व अंथरुणे यांपासून दूर, आणि वडीलधारे माणूस जागे व जवळ असतानाच करावे. काही दिवस गाडी चालवावयाची नसेल, तर प्रत्येक घट सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, आणि ती कचऱ्यातही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती संकलन केंद्राकडे सोपवावी. विमानप्रवासात सुटी बॅटरी सामानाच्या पेटीत न घालता हातातील पिशवीत, टोके झाकून न्यावी.

येत्या सुटीच्या दिवशी नवी बॅटरी आणण्यापूर्वी मुलांसमवेत वजनकाटा घेऊन बसा. बॅटरी बोटभर पुढे-मागे, वर-खाली करून प्रत्येक वेळी फळीचा उतार वाढवीत गाडी कोठे उलटते ते मोजा, आणि वहीत टिपून ठेवा. गुरुत्वमध्य हा शब्द मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचलेला असतो. तो फळीवर एकदा प्रत्यक्ष पाहिला की मग विसरत नाही.