खाऱ्या पाण्यावरचे पाहुणे

मैत्रिणींनो, "पक्षी बघायला एवढ्या लांब? अंगणात चिमण्या काय कमी आहेत?" असं तुमच्या घरी कुणी म्हणालं, तर वाद घालत बसू नका. "लोणारला जातोय," एवढंच सांगा. काठावर कमळजादेवीचं देऊळ आहे, तेव्हा सासूबाईही खूश. पक्षी काय, आपोआप दिसतात!

आमच्या पिंपळगाव राजाहून खामगाव, मेहकर असं करत लोणार गाठता येतं. सगळा प्रवास आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातला. तरी कित्येक जणींनी ते पाहिलेलं नसतं. पिकतं तिथं विकत नाही, ते असं!

उल्का आदळून काळ्या खडकात पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. भोवती झाडी, तळाशी सरोवर. २००० साली ते अभयारण्य झालं आणि २०२० साली पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत त्याचं नाव आलं. महाराष्ट्रात त्याआधी हा मान फक्त नाशिककडच्या नांदूर मधमेश्वरला मिळाला होता.

जायचं ते थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, आणि सकाळी लवकर. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात अगदी मोजून पावलं टाकतो. टिबुकली आत्ता दिसते, आत्ता बुडी मारते. ती कुठे वर येणार यावर मुलांच्या पैजा लागतात. शेपटी सारखी वरखाली हलवणारा परीट काठानं फिरतो. नशीब असेल तर केशरी रंगाची चक्रवाकांची जोडी दिसते. काव्यात रात्रभर ताटातूट सोसणारे ते हेच. हिमालयापलीकडून येतात बिचारे, आणि आपण खामगावच्या पुढे जायचं म्हटलं की दहा अडचणी सांगतो!

आता मुद्द्याची गोष्ट. हे सरोवर म्हणजे एक मोठी बरणी आहे असं समजा. पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हानं वाफ होते, खार मागे राहतो. आपल्या पापडखारात असतो त्याच जातीचा हा सोडा. अशा पाण्यात कुणीही जगत नाही. खास शेवाळं आणि सूक्ष्म जीवच तिथं वाढतात. त्यांच्यावर किडे जगतात आणि किड्यांवर पक्षी. म्हणजे पाहुण्यांचं ताट या खारावर मांडलेलं आहे.

ही बरणी किती नाजूक, ते जून २०२० मध्ये दिसलं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि अख्खं सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात खारात वाढणारे गुलाबी सूक्ष्मजीव सापडले. उलट बाजूही तशीच. लोणच्याला ओला हात लागला की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इथं धारेचं गोडं पाणी पूर्वीपासून येतंच, पण त्यात गावाचं सांडपाणी, साबणाचा फेस आणि आजूबाजूच्या शेतांतली खतं मिसळली, तर खाराचा हिशेब बिघडणार. सांडपाण्याची तक्रार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेली आहे. सरकारनं करायचं ते सरकार करील. पण मोरीतून जातं ते शेवटी कुणाच्या तरी ताटात जातं, एवढं तरी आपण ध्यानात ठेवू या.

म्हणून जाताना या गोष्टी सांभाळा. दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून न्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. पाणी भरपूर घ्या, खाली उतरल्यावर चढण दमवते. साड्या-कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असू द्या. लाल-पिवळ्या झगमगाटाला पक्षी बुजतात. धारेवर साबण लावू नका. निर्माल्य पाण्यात सोडू नका. माकडांना खाऊ दाखवू नका, नाहीतर पिशवीसकट जाईल! दुर्बीण नसली तरी अडत नाही. अर्धा तास गप्प बसता आलं म्हणजे झालं.

मी शिकवते त्या मुलींना मी एक साधी वही घालायला सांगते. तारीख, जागा, पक्षी, तो काय करत होता, एवढे चारच रकाने. नाव कळलं नाही तर रंग आणि चोच लिहायची. नाव शोधायला मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश आहे. २०२५ साली ते गेले, पण मराठीत पाखरांना नावानं हाक मारायची सोय त्यांनी करून ठेवली.

लोणार जमलं नाही, तर गावच्या पाझर तलावापासून सुरुवात करा. दरवर्षी त्याच आठवड्यात तिथंच जा आणि मागच्या वर्षीचं पान उघडून बघा. कोण आलं, कोण आलं नाही, हे त्या वहीलाच कळेल. घरच्या हिशेबाच्या वहीशेजारी ही वहीही ठेवा. तोही शेवटी घरचाच हिशेब आहे.