परत मागवलेले सीपॅप मशीन : बदलावे की वापरत राहावे?
१४ जून २०२१ रोजी फिलिप्स रेस्पिरोनिक्सने जगभरातून आपली अनेक सीपॅप, बायपॅप आणि काही व्हेंटिलेटर मशीन परत मागवली. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेन फोम खराब होऊन त्याचे कण आणि वायू श्वासावाटे शरीरात जाण्याचा धोका होता. उष्ण, दमट हवा आणि ओझोनने केलेली सफाई यामुळे हा फोम लवकर खराब होऊ शकतो. म्हणून मुंबई-कोकणातील रुग्णांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

मशीन यादीत असेल तर ते बदलून घ्यावेच. मात्र नवे येईपर्यंत जुने स्वतःहून बंद करू नका. स्लीप ॲप्नियाचा, म्हणजे झोपेत वारंवार श्वास थांबण्याचा, उपचार खंडित झाला की रात्री रक्तातील ऑक्सिजन पुन्हा घटतो आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी लागू शकते. कोणता धोका मोठा, हे आजाराच्या तीव्रतेवर ठरते. त्यामुळे आधी डॉक्टरांशी बोला. व्हेंटिलेटरवरील रुग्णासाठी तर हे अत्यावश्यक आहे.

वापरलेले मशीन विकत किंवा भाड्याने घेत असाल, तर त्याचा सीरियल नंबर कंपनीकडे तपासा. ड्रीमस्टेशनचे पहिले मॉडेलही यादीत होते. नळीत काळे कण दिसले नाहीत, एवढ्यावरून मशीन सुरक्षित समजू नका. वायू डोळ्यांना दिसत नाहीत.