खोडरबर कुणाच्या हातात?

मी गोदीत माल उतरवतो, कविता लिहितो. रात्री वस्तीतल्या प्रौढ वर्गात शिकवतो. जोतीरावांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. आमची पाटी आता मोबाइल. गुगल डॉक्सच्या एकाच पानावर सहा बाया आपापल्या खात्यातून लिहितात. अक्षर अडलं तर बोलून टाइप करतात.

एकीनं लिहिलं, 'चार वाजल्यापून हंडे लावले व्हते.' दुसरीनं खाली जोडलं, 'नळावर मला जात इचारून मागं ढकललं.'

एक शिकलेले पाहुणे आले, पान 'शुद्ध' करून गेले. 'व्हते'चं 'होते' झालं. आणि ढकलल्याची ओळच गायब!

च्यायला, हे कसलं शुद्धलेखन?

वहीत हे खपलं असतं. कॉम्प्युटरवर पानाचा इतिहास उघडला : कुणी, किती वाजता, काय पुसलं, सगळं नावानिशी. त्या बाईनं ओळ परत आणली.

दोस्तांनो, अंगठ्याऐवजी सही म्हणजे साक्षरता नव्हे. सही दुसऱ्याच्या मजकुराखालीही करता येते. मजकूरच आपला पाहिजे!

यंत्र मुक्ती देत नाही. पान ज्याच्या खात्यात, तोच उद्या कुलूप लावील. म्हणून पान बायांच्याच खात्यात ठेवा. व्याकरण नंतर, आधी इतिहास उघडायला शिकवा.

आजवर आम्ही पुसले गेलो, पुसणारा बिननावाचा राहिला. आता त्याचंही नाव लागेल.