नात्याचा रकाना

बँकेच्या नॉमिनी फॉर्मवर एक लहानसा रकाना असतो: 'ठेवीदाराशी नाते, असल्यास'. नोकरीत असे शेकडो फॉर्म माझ्या हाताखालून गेले. समलिंगी माणसांच्या हक्कांचा लढा आज याच रकान्यापाशी अडला आहे, असे मला वाटते.

इथवरची वाट सोपी नव्हती. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेल्या कलम ३७७ ने या माणसांना गुन्हेगार ठरवले. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले, तेव्हा आपल्या घरांत हा विषय निघतही नव्हता. १९९० साली अशोक राव कवींनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' सुरू केले. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने प्रौढांच्या संमतीचे संबंध एकमताने गुन्ह्यातून मुक्त केले.

गुन्हा गेला, पण नाते मिळाले का? ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली आणि हा प्रश्न संसदेचा आहे, असे म्हटले. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले, की अशा जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास वा एकमेकांना नॉमिनी करण्यास मज्जाव नाही. वास्तविक तो नियमात कधीच नव्हता. 'असल्यास' हा शब्द काय सांगतो? नॉमिनी नातेवाईकच हवा, असे नाही. अडचण होती ती काउंटरपलीकडच्या नजरेची.

मात्र वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नॉमिनी हा पैशाचा मालक नव्हे, विश्वस्त असतो. मृत्युपत्र नसेल तर रक्कम अखेर कायदेशीर वारसांकडे जाते. लग्नाची बायको दुसऱ्या दिवसापासून वारस होते. वीस वर्षे सोबत राहून आजारपण काढलेला जोडीदार मात्र परकाच राहतो. ज्या भावाने कधी उंबरठा ओलांडला नाही, तोही हक्क सांगू शकतो.

'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही,' असे म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न आहे: ज्याने शेवटपर्यंत सेवा केली त्याला रिकाम्या हाताने घराबाहेर काढणे कोणत्या संस्कृतीत बसते? संसदेने यावर कायदा करायलाच हवा. तोवर अशा जोडप्यांनी नॉमिनीवर विसंबू नये, दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून ठेवावे. लढ्याचा पुढचा टप्पा मोर्च्याइतकाच अशा साध्या कागदांतूनही जाणार आहे.