पाचशे ग्रॅमचे शौर्य

आमच्या भावोजींना रिव्हॉल्व्हर घ्यायचे आहे. साधेसुधे नव्हे. आखूड नळीचे, वजनाला हलके, लेंग्याच्या खिशात मावेल आणि बाहेरून कळणार नाही असे. मुंबईची नोकरी संपवून ते मालवणात येऊन राहिले त्याला आता सहा वर्षे झाली. पहिली दोन वर्षे त्यांनी माडांना खत घातले, पुढची दोन वर्षे ग्रामपंचायतीला पत्रे लिहिली, आणि आता ही पायरी आली आहे.

मी या बेताच्या विरुद्ध आहे. हे लिहितो आहे तेही विरोध म्हणूनच. तेव्हा दोन्ही बाजू समतोल वाचायला मिळतील अशी अपेक्षा कृपा करून ठेवू नये.

पहिला मुद्दा लपवण्याचा. इंग्रजी सिनेमातला डिटेक्टिव्ह असले पिस्तूल लपवतो, कारण त्याच्या अंगावर घोट्यापर्यंत ओव्हरकोट असतो. कोल्ट कंपनीने १९२७ साली दोन इंची नळीचे 'डिटेक्टिव्ह स्पेशल' काढले ते त्या हवेत. मालवणात मे महिन्यात माणूस बनियन आणि पंचा यांपलीकडे जात नाही. त्यात पिस्तूल कुठे लपणार? आणि ज्या गावात तुम्ही बाजारातून सुरमई आणली की बांगडा, हे तुम्ही घरी पोचायच्या आत शेजारच्या काकूंना ठाऊक असते, तिथे सव्वा लाखाचे रिव्हॉल्व्हर गुप्त राहील? तिसऱ्या दिवशी रिक्षावाला विचारील, "काका, आज वांगडा हाडलास काय?"

किंमत मी उगाच फुगवलेली नाही. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर काढले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन सुमारे पाचशे ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर ते बायकांसाठी म्हणून आणले, आणि दागिन्यांच्या डबीसारख्या डबीतून विकायला ठेवले. पुढे २०२३ साली कानपूरचेच 'प्रबळ' आले. ते सातशे ग्रॅमचे. भावोजींना ही सगळी वजने पाठ आहेत. मुलांच्या जन्मतारखा त्यांना अजून ताईला विचाराव्या लागतात.

पण वजन कमी म्हणजे सोय जास्त, हा हिशेब कोथिंबिरीच्या पिशवीला लागू आहे, पिस्तुलाला नाही. गोळी पुढे जाते तेवढाच धक्का मागे बसतो. हत्यार जड असेल तर तो धक्का हत्यार सोसते, हलके असेल तर तुमचे मनगट. नळी आखूड, म्हणून नेम धरायच्या दोन खुणा जवळजवळ. हात केसभर हलला की दहा पावलांवर गोळी भलतीकडे. त्यात रिव्हॉल्व्हरचा घोडा एका दमात ओढायचा तर बोटाला जोर लागतो, आणि त्या जोराने नळी हमखास हलते. म्हणजे जे हत्यार चालवायला सर्वांत जास्त सराव हवा, तेच सर्वांत कमी सराव करणाऱ्या माणसाला 'सुटसुटीत' म्हणून विकतात. भावोजी गेल्या वर्षी प्राणायामाच्या वर्गाला दोनदा गेले.

हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अहो, मारायचं कुणाला आहे? नुसतं जवळ असलं की धीर येतो."

नेमके हेच मला भिववते.

तसा आमचा जिल्हा काही बंदुकीला अनोळखी नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि काजू-आंब्याच्या बागांतून तशा परवान्याच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बिचाऱ्यांचा निम्मा जन्म पोलीस ठाण्यात जातो. निवडणूक लागली की बंदुका जमा करा म्हणून हुकूम येतो. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वेळी लोकसभेची निवडणूक आली ती नेमकी आंब्याच्या दिवसांत. "माकडांका आचारसंहिता लागू नाय काय?" असे आमचा बबनदादा तेव्हा विचारीत होता.

बबनदादा माझा चुलतभाऊ. त्याला असे बोलायचा अधिकार आहे. आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक माजघरात खुंटीला असायची. आजोबा हलगर्जी नव्हते. घराची किल्ली ते तीनदा चाचपून बघत. पण ठासणीची बंदूक एकदा भरली की ती रिकामी करायचा सोपा मार्ग एकच, ती उडवणे. त्या रात्री डुक्कर आले नाही, म्हणून भरलेली बंदूक तशीच खुंटीला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा वामकुक्षी घेत होते. आम्ही दोघे चोर-शिपाई खेळत होतो. शिपाई मी होतो.

छरे बबनदादाच्या उजव्या गुडघ्यात गेले. आज तो बहात्तर वर्षांचा आहे आणि अजून तो पाय ओढत चालतो. आजोबांनी नंतर त्या बंदुकीला हात लावला नाही, आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

भावोजींनी पिस्तुलाचा विषय काढला तेव्हा दादा चहा पीत बसला होता. त्याने बशी खाली ठेवली आणि एवढेच म्हणाला, "भावोजीनू, ह्यां पिस्तूल पयलां कोणाच्या पायार सुटतलां?"

आता खरी गोष्ट सांगतो. भावोजींना भीती चोरांची नाही, पर्यटकांची नाही. भीती आहे शेजारच्या नानांची. नाना त्यांचे सख्खे चुलतभाऊ. दोघांच्या मध्ये एक चिऱ्याचा गडगा आहे, आणि तो दीड फूट अलीकडे की पलीकडे यावर गेली चार वर्षे बोलणे बंद आहे. मागल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी नाना हातात कोयता घेऊन अंगणात आले. आमच्याकडे कोयता कमरेच्या आकडीला लावून माणूस लग्नाच्या आमंत्रणालाही जाईल, पण मुंबईत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ते कसे उमगावे? भावोजींचा हात आपसूक खिशात गेला. हे त्यांनीच मला सांगितले.

खिशात चष्म्याचे घर होते. त्यांनी चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, तेव्हा दिसले की नानांच्या दुसऱ्या हातात तुटलेली विजेची तार आहे. माडाची झावळ पडून ती भावोजींच्या विहिरीपाशी लोंबत होती. वरून वीज बंद करवून नानांनी ती सोडवली होती, आणि तेवढे सांगायला ते आले होते. सांगून झाल्यावर गडग्याबद्दल चार शिव्या देऊन गेले, ते वेगळे.

आता या खिशात चष्म्याच्या घराऐवजी पाचशे ग्रॅम घालून बघा. संध्याकाळ, चष्मा नाही, समोर कोयता, आणि बोटाला आलेला धीर.

एवढे होऊनही भावोजी ओरोसला जाऊन परवान्याचा अर्ज घेऊन आले. भरलाही बराचसा. जिवाला धोका कुणापासून, हे लिहायच्या जागी मात्र पेन थांबले. नानांचे नाव घालावे, तर शाईत लिहिलेले भांडण पुसता येत नाही. दरोडेखोर म्हणावे, तर पोलीस चौकशीला येऊन शेजाऱ्यालाच विचारणार, आणि शेजारी म्हणजे नाना. मला म्हणाले, "तुम्ही लिहिणारे आहात, काहीतरी सुचवा." मी सुचवले नाही.

"असल्या डबीतून माका एकदा पाटल्या आणल्या असत्या, तर मीच रात्रभर जागून घर राखलं असतं," असे ताई म्हणाली आणि आत गेली.

अर्ज सध्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. त्याच्यावर आगळाची बाटली ठेवलेली असते आणि कागदाला एक लाल गोल उमटला आहे. पण तो अजून फाडलेला नाही. परवा बघितले तर उरलेल्या रकान्यांतला आणखी एक भरलेला होता.